फोम मी पण काढला होता

मागच्या दाराच्या पुढची तिसरी सीट, खिडकीची बाजू. सकाळच्या बसमधली ही माझी सीट. म्हणजे माझ्या नावावर नाहीये अर्थात, पण मी चढते तेव्हा बहुतेक वेळा रिकामी असते आणि गेली तीन वर्षं तिथंच बसत आल्यामुळे मला तिची खडान् खडा माहिती आहे, कुठला स्क्रू ढिला आहे, खिडकी किती जोर लावल्यावर सरकते, पावसात पाणी नेमकं कुठून गळतं वगैरे.

तर एका सोमवारी पुढच्या सीटच्या पाठीवर, म्हणजे माझ्या गुडघ्यांसमोर, रेक्झिनला एक चीर दिसली. बोटभर लांब, अगदी सरळ, ब्लेड मारल्यासारखी. मनात म्हटलं कोणाला काय मिळतं असं करून, आणि मोबाईल काढला. बुधवारपर्यंत चिरेचं तोंड उघडलं होतं आणि आतला पिवळा फोम दिसायला लागला होता. शुक्रवारी त्यात दोन बोटं जातील एवढं भोक. पुढच्या आठवड्यात खाली जमिनीवर फोमचे चुरमुऱ्याएवढे तुकडे पडलेले, आणि कोणीतरी बाजूला पेनाने बदाम काढून त्यात बाण मारून दोन अक्षरं लिहून ठेवलेली. पंधरा दिवसांत आतलं प्लायवुड दिसायला लागलं.

आता खरी गोष्ट सांगते. त्या दुसऱ्या आठवड्यात एकदा मी कुठल्यातरी कस्टमर केअरला फोन लावून बसले होते, तिकडे ती न संपणारी ट्यून वाजत होती, आणि मधेच लक्षात आलं की माझा उजवा हात त्या भोकात आहे आणि मी फोम कुरतडतेय. छोटे छोटे तुकडे काढून खाली टाकतेय! मी! जी सोमवारी "काय मिळतं लोकांना" म्हणत होती ती! आणि कहर म्हणजे शेजारी बसलेली शाळेच्या युनिफॉर्ममधली मुलगी माझ्याकडे बघत होती. मी हात काढला. तिने घातला.

त्या दिवसापासून बसची नासधूस करणारे "ते लोक" कोण असतात यावर मी जरा कमी बोलते.

पण डोक्यातून काही ते जाईना, म्हणून वाचायला लागले. आणि माझ्या त्या उजव्या हातावर नेदरलँड्समध्ये आधीच प्रयोग होऊन गेलाय हे कळलं. ग्रोनिंगन नावाच्या गावात तिथल्या विद्यापीठातल्या कायझर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला, २००८ साली सायन्स या नियतकालिकात छापून आला. एका गल्लीत लोक सायकली लावायचे, यांनी प्रत्येक हँडलला एक निरुपयोगी पत्रक अडकवून ठेवलं, आसपास कचऱ्याचा डबा नाही. भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी ते पत्रक तिथंच टाकून दिलं. मग त्याच भिंतीवर रंगाने खरडून ठेवलं, बाकी सगळं तेच, तर टाकणारे ६९ टक्के झाले. अजून एक प्रयोग तर फारच भारी आहे, पोस्टाच्या पेटीतून अर्धवट बाहेर आलेलं पाकीट, आत पाच युरोची नोट दिसतेय. पेटी आणि परिसर स्वच्छ असताना १३ टक्के लोकांनी ते पाकीट ढापलं, पेटीवर खरडलेलं असताना २७ टक्के. म्हणजे पेटीवरचं खरडणं बघून माणसं पैसे उचलायला लागली, दोन गोष्टींचा आपसात काही संबंध नसताना!

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की दोन्ही वेळची माणसं त्याच गल्लीतली, सारखीच होती. म्हणजे गावात दोन जाती नाहीत, एक गुंड आणि एक सज्जन अशा. पहिलं ब्लेड मारणारा कोणीतरी एक असतो, मान्य, त्याला पकडा. पण त्याने केली फक्त बोटभर चीर, उरलेली सीट आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ली.

पहिलं ब्लेड कुठे पडतं याचाही हिशोब लोकांनी मांडून ठेवलाय. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या डबलडेकर बसमध्ये १९७० च्या दशकात सीट न् सीट तपासून नुकसान मोजलं गेलं. सगळ्यात जास्त नुकसान वरच्या मजल्यावर, त्यातही मागच्या भागात. आणि ज्या बसमध्ये कंडक्टर होता तिथे कमी, ज्यात एकटा ड्रायव्हरच सगळं बघायचा तिथे जास्त. हे वाचून "यात काय नवल" असं वाटेल, मलाही वाटलं, पण मग विचार करा की त्यानंतर जगभर कंडक्टर कमी करत गेले ते काय हिशोबाने. पगार वाचला तो एका वहीत लिहिला गेला आणि फाटलेल्या सीटचा खर्च दुसऱ्या वहीत, दोन्ही वह्या एका टेबलावर कधी आल्याच नसणार, हा आपला माझा अंदाज हं.

न्यूयॉर्कच्या सबवेची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असेल पण बहुतेक वेळा ती उलटी सांगितली जाते. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात तिथल्या गाड्या आतून बाहेरून रंगवलेल्या असायच्या, खिडकीतून स्टेशन दिसायचं नाही इतक्या. यार्डाला कुंपणं घातली, कुंपणांच्या मधे कुत्री सोडली, काय काय केलं. १९८४ मध्ये डेव्हिड गन नावाचा माणूस तिथल्या ट्रान्झिट अथॉरिटीचा प्रमुख झाला आणि त्याने एक साधा नियम लावला. एकदा धुऊन स्वच्छ केलेली गाडी पुन्हा रंगलेल्या अवस्थेत प्रवाशांसमोर धावणार नाही. रात्री कोणी रंगवली तर ती आधी साफ होईल, नसेल जमत तर उभी राहील, पण तशी जाणार नाही. एकेक लाईन घेत घेत सहा हजारांहून जास्त डबे असे करत आणले आणि १२ मे १९८९ ला रंगवलेली शेवटची गाडी बंद झाली.

यातली गंमत अशी की ती पोरं रात्रभर जागून, अंधारात रुळांवर जीव धोक्यात घालून रंगवायची ते कशासाठी, तर सकाळी आपलं नाव अख्ख्या शहरातून फिरताना दिसावं म्हणून. गनने ते फिरणंच बंद केलं. सगळ्यांना पकडायची गरजच पडली नाही, मेहनत फुकट जायला लागल्यावर उत्साह आटतोच. (रंग थांबला तसं काचेवर कोरणं वाढलं, हेही खरं. मग काचांवर पातळ प्लास्टिकची फिल्म चिकटवायला लागले, कोरलं की फिल्म सोलायची आणि नवी लावायची. माणूस हा प्राणी चिवट आहे.)

उलटी गोष्ट म्हणते ती अशी की त्याच काळात, १९८२ मध्ये, विल्सन आणि केलिंग या दोन अमेरिकन अभ्यासकांनी फुटक्या खिडकीचा सिद्धांत मांडला, एक फुटकी काच तशीच राहिली की बाकीच्याही फुटतात, कारण इथं कोणाचं लक्ष नाही असा निरोप जातो. आता यातून सरळ धडा निघतो की काच बसवा. पण पुढे बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ "किरकोळ गुन्ह्यांवर धडाधड अटका करा" असा लावला गेला, त्यात गरीब पोरंच जास्त भरडली गेली आणि त्याने गुन्हे खरंच किती घटले यावर अभ्यासक आजही भांडतायत. मला विचाराल तर काच बसवायला काचवाला लागतो, पोलिस नाही.

वॉशिंग्टनच्या मेट्रोने तर हे आधीच डिझाईनमध्ये घालून ठेवलं, १९७६ मध्ये सुरू झाली तेव्हापासून. मोठं कमानीसारखं छत, मधे खांब नाहीत म्हणजे कोणी लपून उभं राहू शकत नाही, आणि भिंती प्लॅटफॉर्मपासून लांब ठेवल्या, हातच पोचत नाही तर खरडणार काय. खाण्यापिण्यालाही बंदी. जरा कडक वाटतं पण हुशारी आहे.

आता सीट फाटली तर फाटली, त्याने कोणाचा जीव जातो का, असं कोणी म्हणेल. थांबा. त्याच माझ्या बसमध्ये खिडकीच्या वर एक लाल रंगाची क्लिप आहे. त्यावर काच फोडायच्या हातोडीचं चित्र आहे, बाण आहे, सूचना आहे. हातोडी नाही. मी त्या बसमध्ये जायला लागले तेव्हापासून नाही. कोणीतरी घरी नेली असेल, खिळे ठोकत असेल तिने. ड्रायव्हरच्या मागे अग्निशामक सिलेंडरचा पट्टा आहे, सिलेंडर आहे पण त्याची पिन कोणीतरी चाळा म्हणून ओढलेली आणि आता ती एका तारेने बांधलीये, दाब दाखवणारा काटा कुठे आहे ते धुळीमुळे दिसत नाही. मागचा आपत्कालीन दरवाजा उघडतो की नाही कोणालाच माहीत नाही कारण त्याला टेकून लोक उभे असतात.

नासधूस आणि सुरक्षा हे दोन वेगळे विषय आहेत असं आपण धरून चालतो, ऑफिसांमध्ये खातीही वेगळी असतात. पण गाडी पेटल्यावर ते दोन्ही एकच होतात. १८ फेब्रुवारी २००३ ला दक्षिण कोरियात देगू शहरात एका माणसाने मेट्रोच्या डब्यात ज्वलनशील द्रव ओतून आग लावली. सीट आणि आतलं बाकीचं सामान भराभर पेटणारं होतं. तेवढ्यात समोरच्या रुळावर दुसरी गाडी येऊन शेजारी उभी राहिली, तिलाही आग लागली, वीज गेलेली, दारं बंद, आणि चालक मास्टर की काढून घेऊन निघून गेला. १९२ माणसं गेली आणि त्यातली बहुतेक आग लावलेल्या गाडीतली नव्हती, त्या दुसऱ्या गाडीतली होती. नंतर डब्यांच्या आतलं सामान बदलून न पेटणारं घातलं. आग लावणारा एक होता, पण एवढी माणसं जायला सीटचं मटेरियल, दाराचं हँडल, कंट्रोल रूमचा गोंधळ असं सगळं मिळून लागलं.

लंडनमध्ये किंग्ज क्रॉस स्टेशनला १८ नोव्हेंबर १९८७ ला आग लागली त्यात ३१ जण गेले. तिथं तर कोणी मुद्दाम काही केलंच नव्हतं. लाकडी सरकता जिना, कोणीतरी जाता जाता पेटती काडी टाकली, ती फटीतून खाली गेली आणि खाली वर्षानुवर्षं साचलेलं ग्रीस आणि कचरा. भुयारातल्या स्टेशनांवर सिगारेटला बंदी दोनेक वर्षं आधीच आलेली होती, पण लोक बाहेर पडता पडता जिन्यावरच पेटवायचे आणि कोणी काही म्हणायचं नाही. हे "कोणी काही म्हणायचं नाही" माझ्या डोक्यात बसलंय.

कॅमेऱ्यांबद्दल माझं मत जरा वाईट आहे, सरळ सांगते. आमच्या बसमध्ये दोन आहेत. एकावर धूळ आहे आणि दुसरा छताकडे बघतो. कॅमेरा उपयोगाचा नाही असं नाही, उत्तर इंग्लंडमध्ये ऐंशीच्या दशकात एका बस कंपनीने डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर कॅमेरे लावले आणि नासधूस बरीच कमी झाली. पण तिथं त्यांनी काय केलं, तर नासधूस करताना दिसलेल्या पोरांपर्यंत खरंच पोचले, शाळांमध्ये जाऊन बोलले, म्हणून "कॅमेऱ्यामागे कोणीतरी बघतंय" हे पोरांना खरं वाटलं. इतकं खरं वाटलं की बऱ्याच बसमध्ये कॅमेऱ्याचे नुसते खोटे डबे लावले होते तरी चाललं! म्हणजे काम केलं ते शेवटी बघणाऱ्या माणसाने. आपल्याकडे टेंडर कॅमेऱ्याचं निघतं, बघणाऱ्याचं निघत नाही.

माणसाचंच बोलायचं तर पुन्हा नेदरलँड्स. ऐंशीच्या दशकात अॅमस्टरडॅम, रॉटरडॅम आणि हेग इथल्या ट्राम, मेट्रो, बसमध्ये फुकटे प्रवासी, तोडफोड, दमदाटी सगळंच वाढलं होतं. त्यांनी साधारण १२०० तरुण मुलंमुली घेतली, जास्तकरून बेकार, त्यात बायका आणि अल्पसंख्याक समाजातली मुलं मुद्दाम घेतली, थोडं प्रशिक्षण दिलं आणि ट्राम-मेट्रोमध्ये सोडलं. काम तीन प्रकारचं, सुरक्षा, माहिती आणि तिकीट तपासणी. हातात दंडुका नाही. फुकटे कमी झाले, तोडफोड आटोक्यात आली. दंडातून पूर्ण खर्च निघाला का, तर नाही निघाला. पण तेवढ्या पोरांना काम मिळालं ते कुठल्या वहीत लिहायचं?

मला यातलं "माहिती" फार आवडलं. कारण रात्री बसमध्ये मला पोलिस नको असतो, मला असा एक माणूस हवा असतो ज्याला मी "ही गाडी पुढे जाते ना?" एवढं विचारू शकेन. तेवढ्या एका वाक्याने बसमधल्या सगळ्यांना कळतं की ही बाई एकटी नाही, हिच्याशी बोलणारं कोणीतरी आहे. हे ज्यांना रात्रीच्या शेवटच्या बसने एकटीने जावं लागतं त्यांना मुद्दाम सांगावं लागणार नाही. आम्ही चढल्या चढल्या काय करतो, तर आधी एक नजर फिरवतो, बाई कुठे बसलीये का, कंडक्टर कुठे आहे, कुठला दिवा बंद आहे. बंद दिव्याखालची सीट कितीही रिकामी असू दे, तिथं आम्ही बसत नाही. मागे मी एकदा सलग काही रात्री हे बघत होते, मागचा दिवा गेला होता, तर बायका सगळ्या पुढच्या चार रांगांत दाटीवाटीने आणि मागे चार-पाच पुरुष पाय पसरून. एक ट्यूब. एका ट्यूबने अर्धी बस आमच्याकडून काढून घेतली.

आणि बसमधून उतरल्यावर काय? खरी भीती तर स्टॉपवरून घरापर्यंतची असते. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये १९९६ पासून बायकांना रात्री दोन स्टॉपच्या मधे, घराच्या जवळ पडेल तिथे उतरता येतं, ड्रायव्हरला सांगायचं, सुरक्षित जागा बघून तो थांबवतो. एवढंच. नवीन गाडी नको, ॲप नको, काही नको, फक्त एक परवानगी. एवढं स्वस्त आणि एवढं अक्कलेचं मी बऱ्याच दिवसांत काही वाचलं नव्हतं.

आणि कोणी कोणाला त्रास देत असेल तर आपण काय करायचं यावर मला जे जमलं ते सांगते, हिरोगिरी नाही जमत मला. एकदा एका मुलीच्या सीटला एकजण जरा जास्तच चिकटून उभा होता, ती आक्रसून बसलेली. मी उठले आणि तिला म्हटलं, "अगं तू इथंयस होय, मी कधीची तुला शोधतेय, चल पुढे जागा आहे." मुलगी मला ओळखत नव्हती. एक सेकंद बघितलं आणि उठली. त्या माणसाशी मी एक अक्षर बोलले नाही. पुढे येऊन आम्ही दोघी उगाच पावसावर बोलत बसलो. कंडक्टर काकांना सगळं कळलं होतं, ते मुद्दाम मागे जाऊन त्या माणसाच्या शेजारी उभे राहिले आणि तिकीट दाखव म्हणाले, त्याने आधीच दाखवलेलं असताना.

बरं, सीटचं. मी शेवटी तक्रार केली. पहिल्यांदा केली ती "सीट फाटली आहे, लक्ष द्यावे" अशी, तिचं अर्थातच काही झालं नाही. मग कंडक्टर काकांनाच विचारलं तर ते म्हणाले, "ताई, कुठली बस ते लिहिलंत का? दाराच्या वर आत नंबर असतो बघा. तो लिहा, डावी बाजू कितवी सीट ते लिहा, फोटो लावा. वर्कशॉपवाल्याला गाडी आत आली की पाच मिनिटांत हात लावता आला पाहिजे, शोधत बसायला लागलं की तो म्हणतो पुढच्या वेळी." आणि एक सांगितलं ते मला फार पटलं, भोक मोठं झालं की अख्खं कव्हर बदलायला लागतं आणि त्यासाठी गाडी उभी ठेवायला कोणी तयार नसतं, बोटभर चीर असताना सांगितलं की नुसती पट्टी चिकटवून भागतं. म्हणजे पहिल्या सोमवारी मी मोबाईल काढला होता तो फोटो काढायला काढायला हवा होता.

नंबर, सीट, फोटो असं सगळं लिहून दुसरी तक्रार केली. अकरा दिवसांनी सीटला नवीन कव्हर आलं, निळ्या बसमध्ये तपकिरी, पण शिवण अगदी घट्ट. अजून तरी कोणी हात लावलेला नाही, मी रोज बघते.

हातोडीची तक्रार वेगळी केली होती, तिला काही उत्तर नाही. परवा त्या रिकाम्या लाल क्लिपमध्ये कोणीतरी तिकीट घडी करून खोचून ठेवलं होतं. मी ते काढून पर्समध्ये टाकलं. काल दोन होती.